ठरेपर्यंतचे दिवस : कर्करोगतज्ज्ञांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर मंडळींना,



महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत स्तनाच्या कर्करोगावर काम करणारे सर्जन, केमो ठरवणारे, रेडिएशन देणारे, आणि ज्यांचं तोंड आम्हाला कधी दिसत नाही पण ज्यांच्या सहीवाचून सगळं अडलेलं असतं ते पॅथॉलॉजिस्ट, अशा सगळ्यांना हे पत्र आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पन्नाशीला टेकले आहे. डाव्या स्तनात गाठ आहे, ती कर्करोगाची आहे आणि तिचा प्रकार सहसा न आढळणारा आहे, एवढं आजच्या तारखेला पक्कं झालंय. उपचार अजून ठरायचे आहेत. म्हणजे हे पत्र बरं होऊन घरी आलेल्या बाईचं नाही. तशी पत्रं आणि मुलाखती पुष्कळ छापून येतात. त्या बहुतेक ऑपरेशनपासून सुरू होतात, आणि त्याआधीचे दिवस ‘सगळ्या तपासण्या झाल्या’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेले असतात. मी सध्या त्या तीन शब्दांत राहते.

अशा पत्रात ‘तुमच्याबद्दल मुळीच राग नाही’ असं आधी लिहून टाकायची पद्धत आहे. मला राग आहे. तुमची ओपीडी मी पाहिली आहे, दुपारी तीनलाही तुमचा डबा उघडलेला नसतो हेही पाहिलंय, त्यामुळे तो राग आळसाबद्दलचा नाही. कशाबद्दलचा आहे ते नीट मांडलं तर तुमच्या उपयोगी पडेल, असं वाटलं म्हणून लिहायला घेतलं.

गाठ हाताला लागल्यावर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली, मग ट्रूकट बायोप्सी. अहवाल आठवड्याभरात मिळेल म्हणाले होते, आणि मिळालाही. त्यात एकच ओळ कामाची होती : ‘स्पिंडल सेल लिजन, आयएचसी सुचवले आहे.’ काउंटरवरच्या मुलाने तो पाकिटात घालून दिला. ओपीडीत तो वाचून डॉक्टर म्हणाले, ‘अजून एक टेस्ट करावी लागेल, मग बोलू.’ पुढच्या वेळी ‘ब्लॉक मुंबईला पाठवू’. त्याच्या पुढच्या वेळी ‘रिव्ह्यू येऊ द्या’. आणि आता ‘बोर्डात ठेवलंय’, म्हणजे तुम्हा सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीपुढे. प्रत्येक वेळी वाक्य एवढंच, आणि पुढच्या नंबरची हाक.

या प्रत्येक वाक्यामागे चांगलं भक्कम कारण होतं. ते मला तुमच्याकडून नाही, एका निवासी डॉक्टर मुलाकडून कळलं. लिफ्टपाशी उभ्या उभ्या त्याने माझ्याच फाइलच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. सुईने गाठीतले थोडे बारीक तुकडे निघतात. त्यात लांबट, चातीच्या आकाराच्या पेशी दिसल्या. अशा पेशी एकाच आजारात असतात असं नाही. घातक फायलॉइड्स असू शकतो, सार्कोमा असू शकतो, किंवा मेटाप्लास्टिक कार्सिनोमा असू शकतो, ज्यात दुधाच्या ग्रंथींतल्या कर्करोगाच्या पेशी आपलं रूप सोडून भलत्याच ऊतींसारख्या दिसू लागतात. कधी त्वचेसारख्या, कधी कूर्चेसारख्या, कधी हाडासारख्या. तिन्हींचे उपचार वेगळे. फायलॉइड्स असेल तर भोवतीचा निरोगी भाग धरून गाठ नीट काढणं हेच मुख्य काम, काखेतल्या गाठी सहसा काढायला लागत नाहीत, केमोचा उपयोगही मर्यादित. मेटाप्लास्टिक असेल तर काख तपासायची, केमोचा विचार करायचा, फुफ्फुसं बघायची. म्हणून आयएचसी करतात, म्हणजे सायटोकेरॅटिन, पी६३ अशा मार्करांसाठी वेगवेगळी रंगद्रव्यं लावून त्या पेशींचं मूळ शोधावं लागतं. सुईच्या तुकड्यात नेमका तो भाग आला नसेल तर दोन प्रयोगशाळांचं मत वेगळं पडू शकतं, आणि मग तिसऱ्याला विचारावं लागतं.

‘घाईने चुकीचं ऑपरेशन करण्यापेक्षा हे बरं, काकू,’ तो म्हणाला.

मला ते लगेच पटलं. न पटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मग ते ओपीडीत का सांगितलं नाही? वेळ नसतो, हे मान्य. पण त्या मुलाला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ मी आणि घरच्यांनी तुमच्या कंपाउंडरला, रिसेप्शनला आणि लॅबला फोन करून तुमच्याच लोकांचा घालवला आहे.

कारण सांगितलं नाही की माणूस स्वतः कारण शोधतो, आणि ते कधीच ‘पेशींचं मूळ शोधताहेत’ असं नसतं. फाइल कुठेतरी पडून राहिली असेल. आजार इतका पुढे गेलाय की सांगायला धजत नसतील. आपली कुणाशी ओळख नाही, म्हणून मागे पडलो. या शेवटच्या कारणापायी आमच्या ह्यांनी एका माजी नगरसेवकाचं पत्र आणलं. रंगद्रव्यांची तपासणी नगरसेवकाच्या पत्राने लवकर होत नाही, हे त्यांना कोण सांगणार होतं?

वर्गात प्रमेय घालताना मी मुलांना सांगते, सिद्धता जमत नसेल तर निदान पक्ष आणि साध्य लिहा, त्याचे गुण देईन. काय दिलंय आणि काय सिद्ध करायचंय हे ज्याला लिहिता येतं, त्याचं निम्मं भय गेलेलं असतं. माझी तुमच्याकडे पहिली मागणी तेवढीच आहे. उत्तर नसेल तेव्हा उत्तर मागत नाही. आतापर्यंत काय ठरलं, काय ठरायचं आहे, ते कोणत्या तपासणीने ठरणार, ती साधारण किती दिवसांची आणि तोवर काय झालं तर लगेच यायचं, एवढं केसपेपरवर मराठीत लिहून द्या. छापील कागद करून रिकाम्या जागा भरल्यात तरी चालेल. पाच ओळींचा कागद आहे. पण रात्री अडीचला उघडून वाचता येईल असं रुग्णाच्या हातात आज दुसरं काही नसतं.

याच्या जोडीची दुसरी मागणी पॅथॉलॉजिस्टांना. तुमचा अहवाल तुम्ही सर्जनसाठी लिहिता हे मला ठाऊक आहे, आणि तो तसाच असावा. पण तो आधी आमच्याच हातात पडतो. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ या शब्दांखाली एक ओळ आमच्यासाठी टाकता येईल का? ‘या तुकड्यावरून प्रकार ठरवता येत नाही, पुढील तपासणी आवश्यक, यात नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात.’ बस्स. आणि तालुक्याच्या गावांत गाठी काढणाऱ्या सर्जनांना तुम्हीच ओरडून सांगा की काढलेली गाठ पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये, वेळेवर घाला. रिसेप्टरच्या तपासण्यांसाठी नमुना ६ ते ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये असावा असा जागतिक निकष आहे. त्यात गफलत झाली तर पुढचे सगळे मार्कर संशयाचे. आमच्या नात्यातल्या एका बाईची गाठ ‘साधी चरबीची आहे’ म्हणून काढली, आणि तपासायलाच पाठवली नाही. ती पुन्हा आली तेव्हा पहिली काय होती हे कळायला मार्ग उरला नव्हता. त्यामानाने माझं चाललंय ते सुखाचं म्हणायचं.

आता ‘दुर्मीळ’ या गोष्टीबद्दल.

मेटाप्लास्टिक हा प्रकार पक्का झाला त्या दिवशी मला सांगण्यात आलं की असे रुग्ण फार कमी येतात. पाठोपाठ तीन-चार शिकाऊ डॉक्टर बोलावून घेतले आणि त्यांना गाठ दाखवली. ‘इंटरेस्टिंग केस’ हे शब्द माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे गेले. शिकायला माझी हरकत नाही, मी स्वतः शिक्षिका आहे; आधी विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, या पोरांनो, बघा. पण कमी येतात म्हणजे किती? मी हिशेब मांडला. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण जवळपास १ लाख ९२ हजार. मेटाप्लास्टिक प्रकार साधारण एक टक्क्याहून कमी धरतात. अर्धा टक्का धरला तरी वर्षाला साडेनऊशेच्या वर बाया झाल्या. आमच्या शाळेची पटसंख्या त्याहून कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या प्रकाराला स्वतंत्र जागा २००० साली मिळाली, तेव्हापासूनच्या बाया मोजा. आम्ही थोड्या नाही, विखुरलेल्या आहोत. लातूरला एक, नागपूरला एक, पणजीला एक, आणि प्रत्येकीला वाटतं की आपल्यासारखी कुणीच नाही, कारण तसं सांगितलेलंच असतं.

या विखुरण्याचा तोटा तुम्हालाही होतो. मोठे अभ्यास होत नाहीत, कारण एका ठिकाणी रुग्ण जमत नाहीत. मग ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या, गाठींसाठी जे नियम आहेत तेच आम्हाला लावायचे, आणि आमच्या गाठी केमोला बऱ्याचदा नेहमीपेक्षा कमी दाद देतात हे माहीत असूनही लावायचे. देशभर सारख्या दर्जाचे उपचार मिळावेत म्हणून २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं आहे, त्यात तीनशेहून अधिक केंद्रं आहेत. असा प्रकार सापडला की बाईची परवानगी घेऊन तिची नोंद एका सामाईक वहीत करा, आणि तिची इच्छा असेल तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या बाईशी तिची गाठ घालून द्या. मला धीर देणारी नको आहे. तिला केमोने काय झालं, ऑपरेशन आधी झालं की नंतर, हात वर जायला किती दिवस लागले, एवढं विचारायचं आहे.

ऑपरेशन आधी की नंतर, हाच सध्या माझ्या बोर्डापुढचा प्रश्न आहे असं कळलं. हेही आडून कळलं. नेहमीच्या ट्रिपल निगेटिव्हमध्ये गाठ मोठी असेल तर बऱ्याचदा केमो आधी देतात, गाठ लहान करतात, औषध लागू पडतंय की नाही तेही दिसतं. माझ्या प्रकारात केमो चालू असताना गाठ वाढूनही बसू शकते, म्हणून तुमच्यातले काही जण म्हणतात आधी काढून टाकू. दुसरे म्हणतात, हा आजार काखेपेक्षा रक्तातून फुफ्फुसांकडे जायची धास्ती जास्त, तेव्हा औषध आधी जाऊ द्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, एवढं मलाही कळतं. मग तुमच्यात मतभेद आहे हे माझ्यापासून का लपवायचं? ‘डॉक्टरांचं एकमत नाही’ हे ऐकून रुग्ण घाबरेल, अशी तुमची समजूत दिसते. मी जास्त घाबरले ते ‘बोर्डात आहे’ एवढंच ऐकून. बंद दाराआड आपल्यावर बैठक चालली आहे आणि बाहेर येणारा माणूस हवामानाबद्दल बोलतो, याला घाबरणार नाही तर काय होईल? तुमच्यात दोन मतं असतील तर दोन्ही सांगा. कधी कधी तिसरं मत आमच्याकडे असतं. स्तन पूर्ण काढायला माझी हरकत आहे की नाही, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

विचारलं गेलं ते ह्यांना.

गाठ कर्करोगाची आहे हे ठरलं त्या दिवशी ‘नातेवाईक कोण आहेत’ अशी हाक आली, हे आत गेले, मी बाहेर बाकावर. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘काही विशेष नाही, अजून टेस्ट आहेत.’ संसाराला सत्तावीस वर्षं झाली, ह्यांना खोटं बोलता येत नाही, तेव्हा मला काय ते कळलंच. पण रात्रभर त्यांनी माझ्यापासून आणि मी त्यांच्यापासून लपवण्यात काढली, याची काही गरज होती का? पुरुषाच्या आजारात त्याच्या बायकोला एकटीला आत बोलावून आधी सांगताना मी तरी पाहिलं नाही. तिथे ते थेट त्यालाच सांगितलं जातं. २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शुद्धीत असलेल्या सज्ञान रुग्णाऐवजी घरच्यांची संमती चालत नाही, आणि संमती देण्याइतपत माहिती रुग्णालाच द्यायची असते. मला कोर्टात जायचं नाही. माझ्या स्तनाबद्दल आधी माझ्याशी बोला, एवढंच. बरोबर कुणी बसू दे की नको, ते मी सांगेन.

‘गुगल करत बसू नका’ हा तुमचा आवडता सल्ला. मी बसते. तुम्ही काही दिलं नाहीत तर दुसरं करणार काय? आणि गुगल तरी परवडलं. खरा भडिमार नात्यातून आणि व्हॉट्सॲपवरून येतो. गव्हांकुराचा रस, गोमूत्राचा अर्क, हनुमानफळाच्या पानांचा काढा, साखर बंद कर म्हणजे गाठ उपाशी मरेल. माझी नणंद भली बाई आहे, जिवापाड करते. तिने आणलेल्या तीन बाटल्या फ्रिजमध्ये आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने आपली पत्नी विशिष्ट आहाराने बरी झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून निवेदन काढलं की हळद-कडुलिंबाने कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. चांगलं केलंत. तो कागद मी नणंदेला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘बरं, मग ह्या डॉक्टरांनी तुला काय दिलंय सध्या?’ मला उत्तर देता आलं नाही, कारण तुम्ही तोवर काहीच दिलेलं नव्हतं. तिची बाटली निदान आजच्या आज पिता येते. हे काढेवाले तुमच्या औषधाशी स्पर्धा करत नाहीत, डॉक्टर. औषध सुरू होण्याआधीच्या मोकळ्या जागेत ते घुसतात, आणि ती जागा तुम्ही सोडलेली असते.

भीतीतली सगळ्यात मोठी भीती उशिराची. ‘दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही,’ असं तुम्ही म्हणता. घरी येऊन पाहिलं तर २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला मोठा आढावा सापडतो : शस्त्रक्रियेला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. आता कुणावर विश्वास ठेवायचा? मी गणिताची असल्यामुळे थोड्या वेळाने लक्षात आलं की ही वाढ असलेल्या धोक्याच्या प्रमाणात आहे. म्हणजे शंभरात वीस जणींना धोका असेल तर चार आठवड्यांच्या उशिराने तो सव्वीस-अठ्ठावीस होत नाही, ढोबळमानाने एकवीस-साडेएकवीसच्या घरात जातो. कमी नाहीच. पण रात्रीत जीव जाईल असंही नाही, आणि चुकीच्या उपचाराचा धोका त्यापुढे ठेवला तर थांबण्याचा हिशेब जमतो. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या ऊसतोड करणाऱ्या बाईला हा हिशेब कोण घालून देणार? तिला ‘काही बिघडत नाही’ म्हणून घरी पाठवलं की ती काही बिघडत नाही असंच समजते, आणि हंगाम संपल्यावर परत येते. म्हणून सरसकट धीर देऊ नका. इतक्या तारखेपर्यंत चालेल, त्यापुढे चालणार नाही, तोवर आमचा फोन आला नाही तर तुम्ही या, असं सांगा.

थांबण्याचे हे दिवस वायाच जातात असंही नाही. पण त्यात करता येण्यासारखं पुष्कळ आहे हे आम्हाला आमच्यासारख्याच बायांकडून कळतं. केमो सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घ्यावेत, किडलेला असेल तर तो उपटायचा की ठेवायचा ते तेव्हाच ठरवावं. काही औषधांआधी हृदयाची टूडी इको लागते. हिपॅटायटिस बी तपासतात. रजेचे अर्ज करायचे असतात. यातलं मला कुणी सांगितलं नाही तरी निभलं. पण त्याच बाकावर एक मुलगी भेटली, तिशीच्या आतली, लग्नाला वर्षही झालेलं नाही. तिला मी सहज विचारलं, पुढे मूल हवं असेल तर त्याबद्दल डॉक्टर काही बोलले का? ती माझ्याकडे बघतच राहिली. केमोच्या काही औषधांनी बीजकोशांवर परिणाम होतो आणि त्याआधी बीजं गोठवून ठेवता येतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. नेमके तेवढे दिवस ती तुमच्याच दारात रिपोर्टची वाट बघत बसली होती! तिने ते करावं की नाही, परवडेल की नाही, तिच्या प्रकाराला चालेल की नाही, हे तुम्ही आणि तिने बघावं. पण हे विचारायचं काम गणिताच्या बाईवर येऊ नये.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात तुमचा हात कमी आणि डोकेदुखी तुमचीही आहे. विमा कंपनीची माणसं म्हणतात, ट्रीटमेंट प्लॅन द्या म्हणजे मंजुरी देतो. रुग्णालय म्हणतं, मंजुरी आणा म्हणजे पेट स्कॅन करतो. बोर्ड म्हणतं, पेट स्कॅन आणा म्हणजे प्लॅन देतो. हे वर्तुळ मी फळ्यावर काढून दाखवू शकते. ‘निदान कर्करोगाचे आहे, प्रकार निश्चित होत आहे, पुढील तपासण्या आवश्यक आहेत’ असं अंतरिम पत्र तुमच्या लेटरहेडवर पहिल्याच आठवड्यात मिळालं तर वर्तुळ तिथेच तुटतं. मला ते मागून, पुन्हा मागून, शेवटी मिळालं. ज्यांना मागता येत नाही त्यांचं काय होतं ते तुम्ही बघता.

तसंच कागदांचं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या नोंदी द्यायच्या असतात. काउंटरवर ‘दुसरीकडे दाखवायचंय का?’ असा प्रश्न आणि त्याबरोबरचा चेहरा, दोन्ही वगळता आले तर बघा. या प्रकारात दुसरं मत घेणं म्हणजे तुमच्यावर अविश्वास नव्हे. तुम्हीसुद्धा तेच घेताय, फक्त तुम्ही त्याला रिव्ह्यू म्हणता.

हे सगळं कोण करणार, असं तुम्ही म्हणाल. रोज एवढ्या बाया, डॉक्टर मोजके. मी तुमचा वेळ मागतच नाहीये. एक माणूस मागतेय. ज्याला फोन केला तर माझी फाइल कुठे आहे हे कळेल, आणि ‘लॅबमध्ये आहे, शुक्रवारी येईल’ असं जो सांगेल. टाटा मेमोरियलने टाटा ट्रस्ट्स आणि टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या (टिस) साथीने यासाठीच ‘केवट’ नावाचा अभ्यासक्रम काढला आहे. त्यातून तयार झालेली मुलं-मुली रुग्णाला एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत सोबत करतात. ते परळच्या टाटाला होऊ शकतं तर मिरजेला, जळगावला, अकोल्याला का नाही? शिकलेली माणसं कुठून आणायची, ही अडचणही तुमच्याच लोकांनी सोडवून ठेवली आहे. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दीड लाख बायांच्या अभ्यासातल्या निम्म्या जणींची स्तन-तपासणी करून घेतली गेली. वीस वर्षांनी निष्कर्ष आला, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. वस्तीतली बाई नुसत्या हाताने गाठ ओळखायला शिकली. तिला फाइलचा ठावठिकाणा सांगायला शिकवणं त्याहून अवघड नसावं.

मी कशी आहे असं कुणी विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणते, आणि ते बरंचसं खरं आहे. शाळेत जाते. नववीच्या मुलांना माझं काही माहीत नाही, ती नेहमीसारखीच छळतात, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात मला गाठीची आठवण येत नाही. शाळा सुटल्यावर येते. रविवार वाईट जातो. मनाने खंबीर राहा, सकारात्मक विचार करा, असं तुमच्या भिंतींवर लिहिलेलं असतं, त्या पाट्या काढल्यात तरी चालेल. त्या वाचून असं वाटतं की उद्या काही बिघडलं तर दोष माझ्या विचारांचा निघेल. त्याच भिंतीवर बोर्डाची बैठक कोणत्या वारी असते आणि निर्णय कधी, कुणाकडून कळतो, हे लिहा.

येत्या बुधवारी माझा विषय पुन्हा बोर्डात आहे, असं त्या निवासी डॉक्टर मुलाने सांगितलं. ठरलं तर काय ठरलं ते कळवा. नाही ठरलं तर काय अडलं ते कळवा. दोन मतं पडली तर दोन्ही कळवा, मी वहीत लिहून घेईन आणि प्रश्न घेऊन येईन. बुधवारी दुपारी मला नववी ‘ब’ आणि दहावी ‘अ’ असे लागोपाठ तास आहेत, पण फोन वर्गात नेण्याची परवानगी मुख्याध्यापिकांकडून काढून ठेवली आहे. फोन माझ्या नंबरवर करा. ह्यांचा नंबर फाइलवर पहिला लिहिलाय, तो तुमच्या काउंटरने लिहिलाय. त्याखाली मी माझा लाल पेनने लिहून ठेवला आहे.



आपली,
नववी ‘ब’च्या गणिताच्या बाई,
जि. सांगली